लावलं कोणी, काढणार कोण?

काकांच्या खिशातलं पेन दोरीने बटणाला बांधलेलं असतं. बँकेच्या काउंटरवरही पेन बांधून ठेवतात, पण ते चोरीला जाऊ नये म्हणून. काकांचं पेन विमानात पडून राहू नये म्हणून. चष्म्याला दोरी, टॉर्चला दोरी. ओळखपत्राची दोरी मात्र हँगरात शिरताना शर्टाच्या आत, कारण लोंबणारी दोरी फिरत्या यंत्रात जाते. दोरी कुठे असावी आणि कुठे नसावी याचा इतका विचार जल्लादानेही केला नसेल. बोटात अंगठी नाही. साखरपुड्याची अंगठी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काकूंच्या हवाली झाली, ती अजून कपाटात आहे. शिडीवरून उतरताना अंगठी कडेला अडकली तर माणूस खाली येतो आणि बोट वर राहतं, हे काकांनी एकदा व्याह्यांच्या पंगतीत सविस्तर समजावून सांगितलं होतं. नेमकं श्रीखंड वाढताना.

विमानांच्या देखभालीच्या धंद्यात असा एक काका प्रत्येक हँगरात असतो. सांताक्रूझ-कालिन्याच्या बाजूला असतो, नागपूरला मिहानमध्ये असतो. दिल्लीत त्याला अंकलजी म्हणतात, चेन्नईत सार म्हणतात, ऐवज तोच. डीजीसीएचं लायसन, त्यावर बी-वन कॅटेगरी आणि दोन-तीन जातींच्या विमानांची नोंद; कधीकाळी तुलूझला ट्रेनिंगला गेला असताना घेतलेलं, आता कोपराशी विरलेलं जॅकेट; आणि समोरचा थाप मारतोय व ती आपण पकडली आहे, असा कायमचा चेहरा. आमचे काका डोंबिवलीहून येतात. उभा जन्म नाइट शिफ्टमध्ये गेला, कारण विमानं दिवसभर उडतात आणि दुखणी रात्री सांगतात.

हँगरात त्यांना टॅगकाका म्हणतात. तोंडावर नाही, म्हणजे तोंडावरही म्हणतात, पण काम संपल्यावर.

जमिनीवर उभं विमान बाहेरच्या माणसाला गरीब वाटतं. उडत नाही, आवाज नाही, त्याच्याखाली चारजण डबा खात बसलेत. पण चाचणीसाठी हायड्रॉलिक चालू केलं की त्याच्या नळ्यांत 3000 पीएसआयचा दाब उभा राहतो. वर कॉकपिटमध्ये कोणी सहज एक लिव्हर सरकवला किंवा पेडल दाबलं की खाली पंखाचा फ्लॅप हलतो, शेपटीचा रडर हलतो, चाकाच्या खोबणीचं दार मिटतं. आणि वरच्याला खाली कोणाचा हात आहे ते दिसत नाही. 2019 च्या जुलैत कोलकात्याच्या विमानतळावर चाकाच्या खोबणीत काम करणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञावर दारं मिटली. तो वाचला नाही. म्हणून रीत अशी की काम सुरू करण्याआधी त्या यंत्रणेचा सर्किट ब्रेकर खेचायचा, त्याच्या गळ्यात कॉलर अडकवायची म्हणजे दाबला तरी आत जात नाही, लिव्हरवर लाल टॅग लटकवायचा आणि टेक लॉगात नोंद करायची. इथपर्यंत सगळेच करतात. निदान करायला हवं हे सगळ्यांना माहीत असतं. काका त्यापुढे जाऊन विचारतात, ‘‘लावलं कोणी? काढणार कोण?’’

नवीन पोरांना वाटतं, काका चौकशी करतायत. ते म्हणतात, ‘‘लावलंय काका, आम्हीच लावलंय.’’ काका म्हणतात, ‘‘आम्ही म्हणजे कोण? आम्ही नावाचा माणूस मस्टरवर नाही.’’ मग ज्याने लावला त्याचं नाव टॅगवर, वेळ टॅगवर आणि शिफ्ट बदलली तर काढणार कोण त्याचं नाव हँडओव्हरच्या वहीत. हे सगळं लिहून झाल्यावर काका स्वतः वर जाऊन टॅग बघून येतात. आपण मघाशी बघितला होता यावरही त्यांचा विश्वास नसतो. दुसऱ्यावर अविश्वास दाखवणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. स्वतःच्या आठवणीला चोर समजून तिच्यावर पाळत ठेवणारा हा एकच.

हीच पद्धत घरी गेली तेव्हा घोटाळा झाला. दिवाळीच्या साफसफाईत पंखे पुसायचे होते. काकांनी मेन स्विच पाडला, तेवढ्यावर समाधान नाही म्हणून किटकॅट फ्यूज उपसून पँटच्या खिशात ठेवला, मीटरच्या डब्यावर लाल टॅग लावला: ‘माणूस वर आहे. हात लावू नये.’ पंखे चकाचक झाले. काकांनी आंघोळ केली, डबा घेतला, तीच पँट चढवली आणि शिफ्टला निघून गेले. फ्यूज डोंबिवलीहून सांताक्रूझला पोचला. घरी रात्रभर अंधार. टॅगवर ‘हात लावू नये’ असल्यामुळे शेजारच्यांनीही हात लावला नाही. तेवढी जरब त्यांची सोसायटीत आहे. सकाळी परत आल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, ‘‘लावलं कोणी? काढणार कोण?’’ काका चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं, सिस्टिम फेल झाली नाही. कोणाला शॉक बसला का? नाही. मग?

त्या ‘मग’मध्येच काकांचं सगळं शास्त्र आहे. इतरांच्या सुरक्षिततेत लावणं मोठं. काकांच्या हिशेबात लावणं अर्धं आणि काढणं अर्धं. विमानाच्या पायात पिन असते. उभं असताना पाय आपोआप दुमडू नये म्हणून ती घालायची, तिला लांब लाल फीत, फितीवर उड्डाणापूर्वी काढा असं इंग्रजीत छापलेलं. पिन घातली नाही तर विमान जमिनीवर बसायची भीती. काढली नाही तर हवेत गेल्यावर पाय वर घेता येत नाहीत आणि लाजेने परत यावं लागतं. एकच वस्तू, रात्री असलीच पाहिजे आणि पहाटे नसलीच पाहिजे.

आणि घातली म्हणजे योग्य जागी घातली का? इथे काका हीथ्रोची कथा काढतात. 2021 चा जून, लंडन, बोइंग 787, मालवाहू फेरीची तयारी चाललेली. एक संदेश घालवण्यासाठी उभ्या विमानातच चाकांचा लिव्हर वर करून बघायचा होता. त्याआधी अर्थातच पिना घालायच्या. पुढच्या पायाचं भोक ज्याला माहीत होतं त्याचा हात तिथवर पोचत नव्हता. त्याने खालून बोट दाखवलं. दुसऱ्याने वर चढून पिन घातली ती शेजारच्या भोकात. पिन आत गेली, फीत झकास लोंबली, लिव्हर वर झाला आणि विमानाने भर धक्क्यावर नाक टेकलं. जिवावर कोणाच्या बेतलं नाही. वर कडी म्हणजे ते शेजारचं भोक बुजवून टाका, असा अमेरिकेचा आदेश आधीच निघालेला होता; मुदत छत्तीस महिन्यांची होती, ती अजून संपायची होती.

काका स्वतः सव्वापाच फुटांच्या आतबाहेर आहेत, त्यामुळे ही कथा त्यांना फार लागली. तेव्हापासून ते स्वतःची घडीची शिडी घेऊन फिरतात आणि बोट दाखवण्यावर त्यांनी बंदी घातली आहे. ‘‘बोट दाखवू नकोस. हात लाव.’’ कँटीनमध्येही. एका ट्रेनीने काचेतल्या वड्याकडे बोट दाखवून ‘‘तो एक द्या’’ म्हटलं, तर काकांनी मागून विचारलं, ‘‘कितवा?’’

झाकणांचं प्रकरण पिनेहून नाजूक. विमानाच्या नाकाजवळ बारीक नळ्या असतात, पिटो म्हणतात त्यांना. समोरच्या हवेचा दाब घेऊन त्या वेग सांगतात. अंगावर बाजूला छोटी भोकं असतात, ती उंची सांगायच्या कामी येतात. विमान उभं असलं की नळ्यांवर कव्हर घालतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हे जास्तच करावं लागतं, कारण तिथे कुंभारीण माशांचा उपद्रव आहे. बघता बघता नळीत मातीचं घर बांधून टाकतात. 2018 च्या जुलैत तिथून क्वालालंपूरला निघालेलं एक ए330 तिन्ही नळ्यांची कव्हरं न काढताच रात्री उडालं. वेगाचा काटा काही सांगेना. वैमानिकांनी कसब लावून ते परत आणलं, सगळे सुखरूप. काका म्हणतात, ‘‘माशी येऊ नये म्हणून लावलं. आली असती तर एक नळी बुजली असती. माणसाने तिन्ही बुजवल्या.’’

पेरूच्या लिमा शहराची गोष्ट ते अशी रंगवून सांगत नाहीत. 1996 चा ऑक्टोबर. बोइंग 757 धुऊन पुसून चकचकीत करताना पाणी जाऊ नये म्हणून बाजूच्या भोकांवर टेप लावली होती. काम झाल्यावर ती काढायची राहिली. टेप चंदेरी, विमानाचं अंगही चंदेरी. रात्रीच्या फेरीत कोणाला दिसली नाही. काळ्याकुट्ट समुद्रावर वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना, यंत्रं एकाच वेळी उलटसुलट ओरडू लागली. 70 माणसं गेली. ही गोष्ट सांगितली की काका स्टोअरमध्ये जातात आणि भडक रंगाच्या टेपचं भेंडोळं घेऊन येतात. चंदेरी टेपचं भेंडोळं त्यांनी हँगरातून कधीच हद्दपार केलं आहे. कोणी मागितलं तर म्हणतात, ‘‘जी काढायची आहे ती दिसली पाहिजे.’’

‘सेम’ हा शब्द काकांसमोर उच्चारू नये. डोंबिवलीत नळाचा वॉशर आणायला ते गेले, दुकानदाराने जुना हातात घेतला, डबा चाळला आणि म्हणाला, ‘‘हा घ्या, सेमच आहे.’’ पुढचा पाऊण तास दुकानदाराला 1990 च्या जूनमध्ये राहावं लागलं. बर्मिंगहॅमहून मालागाला जाणारं बीएसी वन-इलेव्हन. आदल्याच दिवशी कॉकपिटची काच बदललेली. बोल्ट जुन्याशी डोळ्यांनी ताडून निवडलेले, सेमच दिसणारे. 90 पैकी 84 किंचित बारीक निघाले. हवेत काच उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, आतल्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टन वाचला, पुढे उडायलाही लागला. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, पण हा नळाचा आहे.’’ काकांनी व्हर्निअर काढला.

काकूंचं स्वयंपाकघर हा वेगळा अध्याय आहे. हँगरात हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना नेला की मागे त्याचा आकार रिकामा दिसतो. शिफ्ट संपताना एकही आकार रिकामा चालत नाही. काकांनी हौसेने ओट्यावरच्या भिंतीवर झारा, उलथनं, डाव, रवी, सांडशी सगळ्यांच्या आकृत्या काढून दिल्या. काकूंनी पहिल्यांदा भिंत खराब केली म्हणून अबोला धरला. मग एका संध्याकाळी सांडशीचा आकार रिकामा दिसला आणि त्यांनी गॅस बंद केला. सांडशी सापडेपर्यंत कुकर उघडणार नाही, कारण ती आत नसेल कशावरून? काका आयुष्यभर हाच प्रश्न इतरांना विचारत आले, त्यांना तोंड उघडायला जागा नव्हती. सांडशी शेजारच्या वहिनींकडे निघाली, चकल्यांच्या भानगडीत. त्या दिवसापासून वहिनींना काही न्यायचं तर ओट्यावरच्या वहीत लिहून न्यावं लागतं. नवऱ्याच्या वेडाचा बायकोला त्रास होतो असं आपण समजतो. काकूंनी त्या वेडाचं लायसन काढलं.

हँगरात मात्र रिकाम्या आकाराचा विनोद होत नाही. एक पाव इंची सॉकेट मिळेना म्हणून काकांनी पहाटे विमान अडवून धरलं. ड्यूटी मॅनेजरचे फोनवर फोन. त्या वेळी काकांच्या मदतीला ऑस्ट्रेलिया पुन्हा धावून आला. तिथल्या एका ए380 च्या इंजिनात तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं अवजार राहून गेलं होतं. पुढच्या तपासणीत 2024 च्या पहिल्या दिवशी सापडेपर्यंत ते 34 उड्डाणं आणि 294 तास हिंडून आलं. ‘‘सव्वा मीटर हरवतं साहेब, माझं तर सॉकेट आहे.’’ मॅनेजर म्हणाले, ‘‘पण त्या 34 उड्डाणांत काही झालं नाही ना?’’ हा युक्तिवाद काकांच्या वहीत शिव्यांच्या रकान्यात आहे. ते फोनवर शांतपणे म्हणाले, ‘‘बरोबर आहे साहेब. तुम्ही या, तुम्ही सही करा.’’ फोन पलीकडून ठेवला गेला. सॉकेट एका पोराच्या विजारीच्या घडीत सापडलं.

काकांचं सगळं बळ या एका वाक्यात आहे, हे मला फार उशिरा उमगलं. पगार मॅनेजरचा जास्त, केबिन त्याची, एसी त्याचा. पण विमान सोडणारी सही लायसनवाल्याची. धमक्या, विनवण्या, फ्लाइटला उशीर, दिल्लीहून फोन, सगळं येऊन त्या दोरीला बांधलेल्या पेनाशी थांबतं. दुसऱ्या कुठल्या नोकरीत इतक्या खालच्या पायरीवरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचा इतका अधिकार आहे, मला माहीत नाही.

इंजिन रनच्या रात्री काका वेगळेच दिसतात. दुरुस्तीनंतर इंजिन जमिनीवरच चालवून बघायचं, त्यासाठी विमान ओढत दूरच्या बेला न्यायचं, वाऱ्याच्या तोंडावर उभं करायचं. काका हेडसेट घालून बाहेर, दुसरा इंजिनिअर वर कॉकपिटात. आधी काका विमानापुढची जमीन चालून काढतात, टॉर्च जमिनीला जवळजवळ आडवी धरून, म्हणजे खड्याचीही लांब सावली पडते. खडे, स्क्रू, बाटलीचं बूच, एकदा तर लहान मुलाच्या पायातलं घुंगरू; सगळं शर्टाच्या खिशात. मग बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा फिरतो. त्यात सगळ्यांनी टोप्या, ओळखपत्रं, रुमाल, वरच्या खिशातल्या नोटा टाकायच्या. डबा टो ट्रॅक्टरच्या सीटखाली. एका पोराने विचारलं, ‘‘काका, दहाची नोट इंजिनाचं काय करणार?’’ काका म्हणाले, ‘‘नोट काही करणार नाही. नोट पकडायला तू धावशील.’’

मग चोक. चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे, रबराचे अडसर. यात काका तुलूझ काढणार हे ठरलेलं, कारण ती भिंत आपण बघितलेल्या कारखान्याची, असा त्यांचा अभिमान. 2007 चा नोव्हेंबर. ग्राहकाला द्यायचं कोरंकरकरीत ए340-600. तेलाची गळती शोधायला चारही इंजिनं जोरात चालवलेली. ब्रेक लावलेले, पण चोक नव्हते. विमान सुटलं आणि काही सेकंदांत आवाज अडवायच्या काँक्रीटच्या भिंतीवर चढलं. आत 9 माणसं होती, काही जबर जखमी झाली. ग्राहकाच्या हाती न पडताच विमान भंगारात. ‘‘ज्यांनी बनवलं त्यांच्याच अंगणात,’’ काका म्हणतात, आणि चोकला बुटाने एक लाथ मारून बघतात. बसलेला असतो. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडच्याला लाथ.

चोक झाले, अग्निशामक जागेवर, लाल दिवा विमानाच्या पोटावर लुकलुकायला लागला. आता माणसं मोजायची. एका रात्री आम्ही सहाजण गेलो होतो. काकांना पाच दिसत होते. त्यांनी हेडसेटवर वर सांगितलं, ‘‘थांब.’’ वरच्याने विचारलं, ‘‘काय झालं?’’ ‘‘एक कमी आहे.’’ सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, एकमेकांची नावं घेतली, इलेक्ट्रिशियन नव्हता. गेला असेल कुठे, बेच्या पलीकडे अंधारात, नैसर्गिक कारणाने. वरचा म्हणाला, ‘‘काका, तो पुढे नाहीये ना? मग लावतो.’’ काका म्हणाले, ‘‘कुठे नाही ते नको सांगूस. कुठे आहे ते सांग.’’ विमान, सहाजणांची शिफ्ट, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सगळे एका माणसाच्या पोटासाठी ताटकळले. बऱ्याच वेळाने तो पँट सावरत उजेडात आला, आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून त्याने उगाच नमस्कार केला. काकांनी बोटाने सहा मोजले. मग अंगठा वर.

इंजिन लागतं तेव्हा मागच्या बाजूचा वारा सगळ्यांना कळतो. पुढची ओढ कळत नाही, हा त्यातला खरा धोका. आयडलवर असलं तरी पुढे काही मीटरांचं वर्तुळ असतं, त्यात जायचं नाही. वेग वाढवला की वर्तुळही वाढतं. इंजिनाच्या नाकावर पांढरा भोवरा रंगवलेला असतो तो याचसाठी, फिरताना दिसावा म्हणून. 2006 च्या जानेवारीत अमेरिकेत एल पासोला तेलाची गळती बघताना एक मेकॅनिक त्या वर्तुळात गेला. 2015 च्या डिसेंबरात आपल्या मुंबईत, विमान निघायच्या गडबडीत, एक तंत्रज्ञ. यावर काका भाषण देत नाहीत. नवीन पोराच्या दंडाला धरून त्याला स्वतःच्या मागे उभं करतात आणि रन संपेपर्यंत दंड सोडत नाहीत. पोराला वाटतं, आपल्याला कुत्र्यासारखं बांधलंय. वाटू दे.

दसऱ्याला मात्र त्यांची खरी कसोटी लागते. हत्यारांची पूजा व्हायलाच हवी, यात काकांचंही दुमत नाही. पण हँगरात उदबत्ती नको, इंधन आहे. रांगोळी नको, ती कच आहे. सुट्ट्या अक्षता नकोत. झेंडूची माळ चालेल, पाकळी सुटली तर जबाबदार कोण? नारळ गेटाबाहेर. शेवटी पूजा कँटीनमध्ये होते. टॉर्क रेंच, पाने, सॉकेटं मोजून कँटीनमध्ये येतात, कुंकू लावून घेतात, पुसून मोजून परत जातात. एक वर्षी भटजी हट्टाने हँगरात आले, तर त्यांची पळी, पंचपात्र आणि घंटा टूल स्टोअरच्या रजिस्टरात चढली आणि त्यांना तीन टोकनं मिळाली. आरती होईपर्यंत भटजींनी ती टोकनं मुठीत घट्ट धरली होती. दक्षिणा घेताना त्यांनी आधी टोकनं पुढे केली.

2019 च्या दसऱ्याला संरक्षणमंत्र्यांनी फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पहिल्या राफेलची पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. घरोघर त्यावर भांडणं झाली, श्रद्धा की अंधश्रद्धा. काकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. काका एकटेच फोटो मोठा करकरून चाकाच्या मागे चोक दिसतो का ते बघत होते. त्यांनी ग्रुपवर एकच वाक्य टाकलं: ‘लिंबू चोक म्हणून चालत नाही.’ दोन्ही पक्षांनी त्यांना ग्रुपमधून काढायची मागणी केली.

कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँट नावाच्या माणसाने 1993 मध्ये देखभालीतल्या चुकांमागची बारा कारणं काढली: थकवा, घाई, वरून दबाव, गाफीलपणा, न बोलणं, ‘इथे असंच करतात’ म्हणणं, अशी. त्यांची भित्तिपत्रकं जगभर हँगरांत लागतात. आमच्याकडे ती जिन्यात आहेत, काकांना ती कारणं तोंडपाठ आहेत आणि विमानाव्यतिरिक्तही सगळीकडे लागू पडतात. चुलतभावाच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हा मंडळी सांत्वनाला जमली होती. काका म्हणाले, ‘‘बारापैकी अकरा होती.’’ आणि बोटांवर मोजायला लागले. काकूंनी त्यांना उठवून घरी नेलं.

आता निवृत्ती दोन बोटांवर आली आहे. त्यांच्या जागी कोण, या चर्चेत त्यांना रस नाही. हँडओव्हरची वही भरून ठेवली आहे म्हणतात. मात्र हल्ली एका गोष्टीने त्यांचा रक्तदाब वाढतो. पिनेची ती लाल फीत बाजारात कीचेन म्हणून मिळायला लागली आहे. पोरं हौसेने बाइकला लावतात. फडके रोडच्या सिग्नलला काकांनी एका पोराला अक्षरशः हँडल धरून थांबवलं होतं: ‘‘ही कुठल्या विमानाची काढलीस?’’ पोराने ऑनलाइन मागवल्याचा पुरावा मोबाइलवर दाखवला, तेव्हा सुटका झाली. परवा स्टेशनला जायला रिक्षा थांबवली, तर रिक्षाच्या किल्लीला तीच फीत. काकांनी पाय आत टाकला नाही.

‘‘यावर काय लिहिलंय, माहीत आहे?’’

‘‘नाही हो काका. लाल आहे म्हणून घेतली.’’

‘‘उडायच्या आधी काढा असं लिहिलंय.’’

रिक्षावाल्याने फितीकडे बघितलं, मग काकांकडे. ‘‘मी उडत नाही, काका. टिळक पुतळ्यावरून स्टेशन.’’

हे काकांना पटलं. त्यांनी मागचं डावं चाक बुटाने दाबून बघितलं, मग उजवं, आणि आत बसले.